खिशातला पुरावा

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले. पुढच्या काही दिवसांत त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. केंब्रिज, फ्रेड हॉइल, स्थिर स्थितीचं विश्व, आयुका, विज्ञानकथा, सगळं आलं. माझ्या डोक्यात मात्र एक फाटका कागद येऊन बसला आणि काही केल्या उठेना. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या त्यांच्या कथेतला तो कागद. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत ट्रकच्या धडकेनंतर भलत्याच इतिहासात जाऊन पडतात. तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं. मुंबईत टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून ते बखर चाळतात, तर तिच्यात गोळी पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांच्या कानाजवळून तिळभर अंतरानं निघून गेलेली असते. पुढे आझाद मैदानावरच्या सभेत गोंधळ होतो, गंगाधरपंत आपल्या जगात परत येतात. बखर कुठेतरी पडलेली असते. खिशात उरतं ते तिचं एक फाटलेलं पान.

या कथेविषयी बोलणारे बहुधा पर्यायी इतिहासाविषयी बोलतात. विश्वासराव वाचले असते तर, दिल्ली आपली झाली असती तर, वगैरे. मराठी माणसाला त्या ‘तर’ची ओढ असणं स्वाभाविकच आहे. पण कथेतला सगळ्यात अवघड विचार त्या पानात आहे असं माझं मत आहे, आणि नारळीकरांनाही ते पान उगाच सुचलं नसावं. एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’मध्ये, म्हणजे १८९५ साली, असंच एक खिशातलं प्रकरण आहे. इ. स. ८,०२,७०१ मधून परत आलेला प्रवासी आपली हकिकत सांगतो, पाहुणे मनातल्या मनात हसतात, आणि मग तो खिशातून दोन सुकलेली पांढरी फुलं काढून टेबलावर ठेवतो. वीना नावाच्या मुलीनं ती त्याच्या खिशात सारलेली असतात. पाहुण्यांतला डॉक्टर ती निरखून बघतो, फुलाचा स्त्रीकेसर त्याला चमत्कारिक वाटतो, आणि हे फूल कोणत्या कुळातलं हे त्याला सांगता येत नाही. लेखक बोर्हेसनं १९४५ मध्ये कवी कोलरिजच्या कल्पनेतल्या एका फुलापासून वेल्सच्या फुलापर्यंतचा धागा एका छोट्या निबंधात दाखवला होता. त्या माळेत बखरीचं पान सहज ओवता येतं. कालप्रवासाच्या कथेत यंत्र ही बरीचशी सजावट असते. लेखकाला काळाविषयी खरोखर काय कळलं आहे हे बघायचं तर त्याच्या नायकाचे खिसे तपासावेत.

याचं कारण असं की काळाची दिशा घड्याळात नसतेच. घड्याळ मोजतं, दिशा सांगत नाही. न्यूटनची समीकरणं घ्या, मॅक्सवेलची घ्या. त्यांत काळाचं चिन्ह उलटं केलं तरी गणिताला काही वाटत नाही. ग्रहांच्या फेऱ्यांची फिल्म उलटी लावली तर जाणकारालाही संशय येणार नाही. पण ल्युमिएर बंधूंनी १८९६ साली भिंत पाडण्याचं एक छोटं चित्रण केलं होतं, ते उलटं दाखवलं की धुळीतून विटा उठायच्या, भिंत उभी राहायची आणि प्रेक्षक हसायचे. (भिंतीची ही फिल्म ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलमधल्या पहिल्या खेळातही होती.) ग्रहांना न दिसणारी दिशा भिंतीला का दिसते? लुडविग बोल्ट्झमननं १८७० च्या दशकात याचं उत्तर दिलं, ते मोजणीचं आहे. डब्यात वायूचे फक्त शंभर रेणू आहेत असं धरा. ते सगळेच्या सगळे एका क्षणी डाव्या अर्ध्या भागात सापडण्याची शक्यता सुमारे एकावर तीस शून्यं इतक्यांत एक असते. खऱ्या हवेच्या एका लिटरमध्ये रेणूंची संख्याच एकावर बावीस शून्यांच्या घरात जाते, तेव्हा शक्यता हा शब्दही तिथे पोकळ ठरतो. पसरलेल्या अवस्था इतक्या प्रचंड संख्येनं जास्त आहेत की वाट्याला येते ती पसरलेलीच अवस्था. एन्ट्रॉपी म्हणजे या अवस्थांच्या गणतीचं माप. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती स्मशानभूमीत बोल्ट्झमनच्या अर्धपुतळ्याच्या वर या गणतीचंच सूत्र कोरलेलं आहे.

इथे मला एक जुना राग काढून घ्यायचा आहे. एन्ट्रॉपी समजावून सांगायची म्हटलं की लगेच पोराच्या खोलीतला पसारा पुढे येतो. कपडे इथे, वह्या तिथे, आणि म्हणे हाच उष्मागतिकीचा दुसरा नियम. ही उपमा शाळेतून मासिकांत आणि मासिकांतून भाषणांत गेली आणि तिनं फार नुकसान केलं. खोली आवरली म्हणून विश्वाची एन्ट्रॉपी कमी होत नाही. आवरणाऱ्याच्या अंगातून निघालेली उष्णता खोलीभर पसरते आणि एकूण बेरीज वाढलेलीच असते. शिवाय डोळ्यांना नीटनेटकं दिसणं आणि एन्ट्रॉपी कमी असणं यांचा संबंध कच्चा आहे. तेल आणि पाणी एकत्र ढवळून ठेवलं तर ते आपोआप दोन नीट थरांत वेगळं होतं, आणि तसं होतानाही एन्ट्रॉपी वाढतेच. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. या उपमेच्या पोटात एक उपदेश दडलेला आहे. काळ म्हणजे बिघाड, काळ म्हणजे ऱ्हास, सगळं विस्कटत चाललं आहे. विज्ञानाच्या नावाखाली आलेलं हे रडगाणं साहित्यानं मात्र मोठ्या आवडीनं उचललं.

त्याला इतिहासही तसाच मिळाला. विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिननं, १८५२ मध्ये लिहिलं की यांत्रिक ऊर्जा विखरून वाया जाण्याकडे निसर्गाचा सार्वत्रिक कल आहे. क्लॉझियसनं १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव देऊन सांगितलं की विश्वाची एन्ट्रॉपी कमालीकडे चालली आहे. व्हिक्टोरियन इंग्लंडला त्यातून जगाचा थंडगार शेवट दिसू लागला. वेल्सचा प्रवासी तीन कोटी वर्षं पुढे जातो तेव्हा तिथे विझत आलेला लाल सूर्य, कडाक्याची थंडी आणि जवळजवळ निर्जीव किनारा आहे, ते या भीतीचंच चित्र. त्यातली वर्षं चुकली, कारण सूर्य अणूंच्या मीलनावर जळतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्याकडे अजून सुमारे पाच अब्ज वर्षांचं इंधन आहे. पुढे थॉमस पिंचननं १९६० च्या ‘एन्ट्रॉपी’ या कथेत वॉशिंग्टनमधली एक सदनिकाच बंदिस्त काचघर करून टाकली, आणि बाहेरचा पारा दिवसेंदिवस ३७ फॅरनहाइटवर अडकवून ठेवला. आयझॅक असिमॉव्हच्या ‘द लास्ट क्वेश्चन’मध्ये (१९५६) माणसं पिढ्यान्‌पिढ्या संगणकाला एकच विचारत राहतात: एन्ट्रॉपी उलटी फिरवता येईल का? कथा म्हणून ती उत्तमच आहे. पण तिथेही एन्ट्रॉपी ही शत्रूच. तिच्यावाचून तो प्रश्न कुणाच्या लक्षातही राहिला नसता, हे असिमॉव्हसारख्या रसायनशास्त्रज्ञानं कुठेतरी ध्यानात घ्यायला हवं होतं.

मध्येच पुन्हा पानिपताकडे जावं लागतं, कारण तो कागद हटत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोहोचली ती, सांगतात त्याप्रमाणे, सावकारी भाषेतल्या एका चिठ्ठीतून. तिच्यात मोती गेल्याचं होतं, मोहरा गेल्याचं होतं, आणि रुपये-खुर्द्याची गणतीच नाही असं होतं. मोती म्हणजे विश्वासराव आणि सेनापती सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे हजारो साधी माणसं. चिठ्ठी क्रूर आहे, पण बोल्ट्झमनची मोजणी नेमकी याच जागेवर सुरू होते. वरून जे दिसतं त्याचा हिशोब असतो. दाब, तापमान, मोती, मोहरा. त्या एका हिशोबाखाली खुर्द्याच्या किती वेगवेगळ्या मांडण्या बसू शकतात, त्या संख्येचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. खुर्दा काही बेशिस्त नव्हता. त्यातला प्रत्येक माणूस ठरावीक जागी ठरावीक वाटेनं गेला. तो टिपून ठेवायला चिठ्ठीत जागा नव्हती, इतकंच. म्हणून एन्ट्रॉपीला ‘गोंधळ’ म्हणण्यापेक्षा ‘न टिपलेलं’ म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. काळाची दिशा आपल्याला कळते ती खुणांमुळे. कालच्या खुणा आहेत, उद्याच्या नाहीत. आणि खूण उमटायला एन्ट्रॉपी वाढावीच लागते. हान्स रायकेनबाखचं ‘द डिरेक्शन ऑफ टाइम’ त्याच्या मृत्यूनंतर १९५६ साली निघालं. त्यात वाळूतल्या पावलाचं उदाहरण आहे. ओसाड किनाऱ्यावर पावलाचा ठसा दिसला की आपण वाऱ्याला श्रेय देत नाही, कुणीतरी इथून गेलं असं म्हणतो. कारण सपाट वाळू आपापली कधी पावलाच्या आकाराची होत नाही. ठसा उमटताना पायाची ऊर्जा वाळूच्या कणांत घर्षणानं जिरली आणि ती परत येणार नाही, म्हणून ठसा टिकला. वाळू जर चेंडूसारखी उसळून पूर्ववत झाली असती, कुठेच काही जिरलं नसतं, तर ठसाही नसता. बखरीचं पानच जवळून बघा. बोरूनं ओढलेली शाई ओली असते तोवर ती अक्षर होत नाही, बोट लागलं की फिसकटते. तिच्यातलं पाणी हवेत उडून जातं, काजळी तंतूंत रुतून बसते, आणि ते पाणी पुन्हा गोळा होऊन शाईत येत नाही, तेव्हा कुठे अक्षर पक्कं होतं. वाफ झालेलं ते पाणी म्हणजे त्या अक्षराची चुकवलेली किंमत. आपला मेंदूही सतत सुमारे वीस वॉट जाळत असतो आणि त्यातूनच आठवण धरतो. एन्ट्रॉपी वाढत नसलेल्या जगात काहीही नासलं नसतं हे खरं, पण तिथे काही घडलं होतं हे सांगायलाही कुणी नसतं. घटना आणि तिची नोंद यांत त्या जगात फरकच करता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप समोरच उभा आहे. नोंदी नष्ट करणारीही एन्ट्रॉपीच ना? वाळवी, दमट हवा, आग. ज्यानं या सगळ्या विचाराचा पाया घातला तो सादी कार्नो १८३२ मध्ये छत्तिसाव्या वर्षी पटकीनं गेला, आणि साथीच्या भीतीनं त्याच्या चीजवस्तूंबरोबर त्याचे बरेचसे कागदही नाहीसे केले गेले. वाचलेली काही टिपणं भावानं १८७८ मध्ये छापली, तेव्हा कळलं की हा माणूस आपल्या १८२४ च्या पुस्तकाच्या कितीतरी पुढे गेला होता. मग एन्ट्रॉपीला आठवणीची जननी कसं म्हणायचं? आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. पण त्यानं माझी बाजू उलटत नाही, पक्की होते. रॉल्फ लँडॉअरनं १९६१ मध्ये दाखवलं की माहितीचा एक बिट पुसायला किमान ठरावीक उष्णता बाहेर टाकावीच लागते. नेहमीच्या तापमानाला ती एका ज्यूलच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाचाही काही हजारांश भाग भरते. फ्रान्समधल्या लिऑंच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ती मर्यादा प्रयोगात गाठून दाखवली. म्हणजे पुसण्यालाही किंमत आहे, फुकट काही पुसलं जात नाही. कार्नोचा कागद जाळला गेला असेल, तर तो धूर, राख आणि उष्णता होऊन गेला. तत्त्वतः त्यावरचं प्रत्येक अक्षर त्या धुराच्या रेणूंच्या गतींत आहेच, फक्त खुर्द्यात गेलं, कुणाला वाचता येणार नाही असं झालं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, हे आपण माणसाच्या ताठ्याविषयी म्हणतो. भौतिकशास्त्रज्ञ ते जवळपास शब्दशः म्हणेल.

दुसरा आक्षेप जुना आणि टोकदार. योहान लोश्मिटनं १८७६ मध्ये बोल्ट्झमनला विचारलं की प्रत्येक रेणूचा वेग उलटा केला तर सगळं मागे जाईल की नाही? नियमांना दिशा नसेल तर ती तू आणलीस कुठून? पुढे त्सेर्मेलोनं १८९६ मध्ये आणखी एक आक्षेप घेतला: पुरेसा काळ थांबलं तर कोणतीही बंदिस्त व्यवस्था पुन्हा मूळ अवस्थेजवळ येतेच. दोघांचंही गणित चूक नाही. बोल्ट्झमनचं उत्तर थोडक्यात असं की सुरुवात विलक्षण कमी एन्ट्रॉपीची होती म्हणून आपण चढणीवर आहोत. आणि परतायला लागणारा काळ इतका अफाट आहे की त्याची धास्ती धरण्यात अर्थ नाही. लोश्मिटचं आव्हान मात्र एका मर्यादित अर्थानं खरं झालं. १९५० मध्ये अर्विन हाननं अणुकेंद्रांच्या फिरकीवर प्रयोग केला. विस्कटलेल्या फिरकींना रेडिओलहरीचा एक झटका दिला की त्या पुन्हा एका रांगेत येतात आणि नाहीसा झालेला संकेत प्रतिध्वनीसारखा उमटतो. म्हणजे विस्कटणं उलटवता येतं! येतं, पण एका अटीवर. त्या फिरकींची वार्ता आजूबाजूच्या पदार्थाला लागलेली नसावी. थोडा जास्त वेळ गेला, भोवतालच्या कणांशी देवघेव झाली, की प्रतिध्वनी मंद होत जातो आणि मग येईनासा होतो. माझ्या दृष्टीनं या साऱ्या वादातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे. जे घडलं त्याची खूण दुसरीकडे कुठेही गेलेली नसेल तोवर ते अजून पुरतं घडलेलंच नसतं.

आणि इथेच नारळीकरांच्या कथेतली खरी अशक्य गोष्ट सापडते. मराठ्यांनी पानिपत जिंकणं अशक्य नाही. ह्यू एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीप्रमाणे पुंजयामिकीतल्या सगळ्या शक्यता आपापल्या शाखेत प्रत्यक्षात येतात. गोळी लागलेली एक शाखा, तिळभर हुकलेली दुसरी. पण दोन शाखा वेगळ्या का राहतात? गोळीची खूण हवेत, धुरात, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत, लाखो ठिकाणी पसरते आणि ती परत गोळा करता येत नाही, म्हणूनच राहतात. खुणांचं हे पसरणं हेच त्या शाखांमधलं कुंपण. तेव्हा एका शाखेतली खूण, एवढंसं एक पान का होईना, दुसऱ्या शाखेतल्या खिशात सापडलं तर कुंपणच मोडलं, दोन शाखा उरल्याच नाहीत. विश्वासरावांचं वाचणं भौतिकशास्त्राला चालेल, ते पान चालणार नाही. विश्वशास्त्राच्या प्राध्यापकाला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? तरी त्यांनी ते पान खिशात ठेवलं, कारण पुरावा नसेल तर गंगाधरपंतांची हकिकत म्हणजे डोक्याला मार लागलेल्या माणसाची बडबड. शास्त्रज्ञानं इथे कथाकाराला वाट करून दिली, आणि या जागेवर माझा जीव आहे.

तिसरा आक्षेप साहित्यातूनच येतो. उलट्या काळाच्या कथा लिहिल्या गेल्या आहेत आणि त्या कळतात, मग दिशेचा एवढा बाऊ कशाला? कर्ट व्हॉनेगटच्या ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’मध्ये (१९६९) बिली पिलग्रिम युद्धाचा चित्रपट उलटा बघतो. विमानं शहरावरची आग बाँबमध्ये शोषून घेतात, बाँब कारखान्यात परत जातात, तिथल्या बायका ते सुटे करतात आणि त्यातली खनिजं कुणाला इजा होऊ नये अशा बेतानं जमिनीत पुरली जातात. मार्टिन एमिसनं ‘टाइम्स ॲरो’त (१९९१) एका नाझी डॉक्टरचं सगळं आयुष्यच उलटं सांगितलं. त्यात आउश्विट्झमध्ये धुरातून माणसं तयार होतात आणि आपापल्या घरी जातात. निवेदकाला आयुष्यात पहिल्यांदाच जगाचा अर्थ लागल्यासारखं वाटतं ते तिथे. हे वाचताना पोटात खड्डा पडतो. पण तो पडतो कशामुळे? वाचकाच्या डोक्यातली खूण सुलटी आहे म्हणून. बाँबहल्ल्यात ड्रेस्डेन शहराचं फेब्रुवारी १९४५ मध्ये काय झालं हे त्याला आधीच माहीत आहे, आणि पान उलटताना तो मनात सगळं पुन्हा सरळ लावत जातो. खरोखरच उलट्या जगात वाचकाची स्मृतीही उलटी असती, तो आपल्या भविष्याला भूतकाळ म्हणाला असता, आणि त्याला या पुस्तकांत काहीच विपरीत दिसलं नसतं. म्हणजे एन्ट्रॉपीच्या बाजूनं सर्वांत जोरदार साक्ष या उलट्या कादंबऱ्यांचीच आहे. आइन्स्टाइननं १९५५ मध्ये मित्र बेस्सो गेल्यावर त्याच्या घरच्यांना लिहिलं की भूत, वर्तमान, भविष्य हा भेद एक चिवट भास आहे. असेल. ते पत्र सांत्वनाचं होतं आणि बेस्सोच्या मृत्यूनंतर लिहिलेलं होतं, आधी नव्हे.

युगांच्या चक्राचं काय, असं आपल्याकडे कुणीतरी विचारणारच. काळ वर्तुळाकार असेल तर बाण कसला? नारळीकरांनी हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये मांडलेल्या विश्वाच्या प्रतिकृतीतही आकुंचन-प्रसरणाची आवर्तनं आहेत. पण आवर्तनाच्या आतही दूध विरजतं आणि कागद पिवळा पडतो. चक्र मोठं असल्यानं त्याच्या आतल्या दिशेला बाध येत नाही. मागच्या आवर्तनातली खूण या आवर्तनात कुणाच्या खिशात सापडत असेल, तर मग बोलता येईल.

नारळीकर या प्रश्नात किती आत होते हे सामान्य वाचकाला फारसं ठाऊक नसतं. १९६३ च्या मे महिन्याअखेर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात काळाच्या स्वरूपावर एक बैठक भरली. थॉमस गोल्ड, हॉइल, व्हीलर आणि जेमतेम चोविशीतले नारळीकर तिथे होते. प्रकाश आणि रेडिओलहरी कालच्या स्रोताकडून उद्याकडेच का जातात, उलट का येत नाहीत, आणि या दिशेचा विश्वाच्या प्रसरणाशी संबंध आहे का, यावर हॉइल आणि नारळीकर काम करत होते. बैठकीचं इतिवृत्त १९६७ मध्ये छापलं गेलं. त्यात एक वक्ता ‘मिस्टर एक्स’ म्हणून येतो, सगळ्यांना झोडपतो आणि नाव सांगत नाही. तो रिचर्ड फाइनमन होता हे सगळ्यांना माहीत होतं. काळाची दिशा खुणांनी ठरते की नाही यावर चर्चा चाललेली, आणि एकानं आपली खूण मागे ठेवायची नाही असा हट्ट धरलेला. तो हट्ट टिकला नाही, हे त्या विषयाला साजेसंच झालं.

त्याच फाइनमननं बैठकीच्या पुढच्या वर्षी, त्याच कॉर्नेलमध्ये, भूत आणि भविष्य यांतल्या फरकावर व्याख्यान दिलं. शेवटचा आणि सर्वांत कठीण आक्षेप त्यात आहे. तो मूळ बोल्ट्झमनच्याच १८९५ च्या एका सूचनेतून निघाला होता. समजा हे सगळं विश्व म्हणजे एका अथांग, सपाट, मेलेल्या विश्वातली चुकून आलेली लहर आहे. मग संभाव्यतेच्या हिशोबानं पूर्ण विश्वाची लहर येण्यापेक्षा फक्त एक मेंदू, खोट्या आठवणींसकट, तयार होणं कितीतरी सोपं. अशा मेंदूला पानिपत आठवेल, आणि पानिपत झालेलंच नसेल. एकविसाव्या शतकात त्याला बोल्ट्झमनचा मेंदू असं नाव पडलं. मला विचाराल तर त्याचं मराठी नाव कधीच ठरलेलं आहे. तो सदाशिवरावभाऊंचा तोतया आहे.

रणांगणावर भाऊंच्या देहाची ओळख सगळ्यांच्या समाधानासारखी पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही असं सांगतात. मग काही वर्षांनी उत्तरेकडून एक माणूस आला, मीच भाऊ म्हणाला. चेहरा बराचसा जुळत होता, सांगत होता त्यातलं बरंचसं पटत होतं, आणि कोकणातले किल्ले त्याच्या हाताखाली गेले. १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं. आठवणी आहेत पण त्यांच्या मागे तो भूतकाळ नाही, असा माणूस ओळखायचा कसा? फाइनमनचं उत्तर इतिहासकाराचंच आहे. इतिहासकार म्हणतो की नेपोलियन होऊन गेला. याचा अर्थ असा की दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयात जा, तिथल्या कागदांतही तो सापडेल. उत्खननात एक हाड मिळालं तर बाकीची हाडं आणखी खोदल्यावर मिळतील. एखादी खूण लहरीतून चुकून उमटलेली असेल तर तिच्याशी जुळणारी दुसरी खूण दुसऱ्या जागी असण्याचं काहीच कारण नाही. आपण मात्र जिथे जिथे नवी जागा उघडतो तिथे तिथे जुळणीच सापडत जाते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो पानिपताच्या काळातल्या पत्रांचा. ही पत्रं, बखरी आणि शुजाउद्दौल्याच्या गोटातल्या काशीराजाचं फारसी वृत्त शेजारी ठेवलं तर तपशिलात भांडणं पुष्कळ आहेत, पण विश्वासराव पडले यावर दुमत नाही. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या कागदांचं इतकं जमावं, याचं स्पष्टीकरण एकच: त्या सगळ्यांच्या मागे एक दिवस होता, आणि त्या दिवसाच्या मागे, फार फार मागे, एन्ट्रॉपी अविश्वसनीय कमी असलेली सुरुवात. ती तशी का होती हे कुणालाच माहीत नाही. रॉजर पेनरोजनं तशी सुरुवात आपोआप मिळण्याची शक्यता काढली ती एकावर शून्यं आणि त्या शून्यांची संख्याच दहाचा १२३ वा घात, इतक्यांत एक. नारळीकरांना महास्फोटच मान्य नव्हता, तेव्हा त्यांनी या आकड्याशी वेगळाच वाद घातला असता. तोतयाच्या चौकशीला बसलेल्या पुण्याच्या मंडळींना मात्र यातलं काही लागलं नाही. त्याच्या आठवणी खऱ्या की खोट्या हे त्याच्या डोक्यात शिरून बघण्याच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांनी बुंदेलखंडातल्या त्याच्या मूळ ठिकाणाचा छडा लावला, आणि भाऊ म्हणवणारा हा माणूस सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण निघाला.